जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क वाचायची कशी? आधी पिना मोजा

माळ्यावरचा, बंद पडलेल्या छापखान्यातला किंवा काकांच्या जुन्या ऑफिसातला एखादा कॉम्प्युटर हाती येतो. आतली हार्ड डिस्क पाहिली की बहुतेकांचे हात शिवशिवतात. डिस्क काढायची, बाजारातून यूएसबी अडॅप्टर आणायचा आणि लॅपटॉपला लावायची. २००० नंतरच्या डिस्कवर हे बहुधा जमतं. १९८० ते १९९५ या काळातल्या डिस्कवर मात्र याच उत्साहात डेटा कायमचा जाऊ शकतो.

कारण त्या काळात इंटरफेस, म्हणजे डिस्क जोडण्याची पद्धत, हा नुसता केबलचा आकार नव्हता. डिस्कवरच्या चुंबकीय खुणांचे बिट आणि बाइट कोण करतं, डिस्क स्वतः की मदरबोर्डच्या खाचेतलं कार्ड, हे इंटरफेसवर ठरायचं. ते काम कार्डाकडे असेल तर कार्डाविना डिस्क म्हणजे सुई आणि कर्ण्याविना ग्रामोफोनची तबकडी. म्हणून या लेखात आधी ओळख आहे, मग जोडणी आणि शेवटी वाचन. हा क्रम मोडू नका.

## वीज देण्याआधी

मशीन उघडा आणि काहीही न हलवता फोटो काढा. कोणती केबल कुठे जाते, लाल कड कुठल्या बाजूला आहे, कोणतं कार्ड कुठल्या खाचेत आहे, जम्पर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) कसे लावलेत, डिस्कच्या लेबलावर काय छापलंय, हे सगळं टिपा. डिस्क आडवी होती की उभी तेही लिहून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

मग मदरबोर्डवरची बॅटरी पाहा. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या बोर्डांवर बहुधा निळ्या वेष्टनातली निकेल-कॅडमियमची नळकांडी सोल्डर केलेली असते. तिच्यातून हिरवट-पांढरा क्षार पाझरून तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे हे आणखी लवकर होतं. क्षार दिसला तर बॅटरी कापून काढा, व्हिनेगर बोटभर कापसावर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. बॅटरी गेली म्हणजे बायॉसमधली (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) डिस्कची नोंदही गेली. तिचा बंदोबस्त पुढे करू.

मल्टिमीटर घ्या आणि डिस्कच्या चार तारांच्या वीज सॉकेटवर १२ व्होल्ट (पिवळी) ते काळी आणि ५ व्होल्ट (लाल) ते काळी असा रोध मोजा. तो जवळजवळ शून्य आला तर एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट आहे. त्या काळच्या बोर्डांवर आणि डिस्कवर, विशेषतः १२ व्होल्टच्या रेषेवर, हे कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. डिस्कला वीज देण्याआधी पॉवर सप्लाय वेगळा तपासून घ्या. एटी प्रकारच्या सप्लायच्या पी८ आणि पी९ या दोन जोडण्या मदरबोर्डवर लावताना चारही काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलट लावल्या तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

## पिना मोजा

आता डिस्कची मागची बाजू पाहा. पिनांवरून इंटरफेसचं नाव कळतं, प्रत्येकाबद्दल पुढे येईल.

सर्किट बोर्डाच्या कडेलाच सोनेरी पट्ट्या असतील, एक रुंद (३४ संपर्क) आणि एक अरुंद (२०), तर ती एसटी-५०६ घराण्यातली डिस्क आहे किंवा तिचीच पुढची पिढी ईएसडीआय. ४० पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर आयडीई. ५० पिना असतील तर स्कझी. अगदी लहान, २.५ इंची डिस्कवर दाट बसवलेल्या ४४ पिना दिसल्या तर तीही आयडीईच, फक्त वीज त्याच पिनांतून जाते. ही पिनांची रांग एक घर सरकवून लावली तर डिस्क जळते, म्हणून भिंग घेऊन बसा.

सीगेटची डिस्क असेल तर मॉडेल नंबरच बरंच सांगून जातो. शेवटचं अक्षर इंटरफेस दाखवतं: ए म्हणजे आयडीई, एन म्हणजे स्कझी, आर म्हणजे आरएलएल (बिट लिहिण्याची एक पद्धत), ई म्हणजे ईएसडीआय, एक्स म्हणजे आठ बिटी आयडीई. एसटी-१५७ए, एसटी-१५७एन आणि एसटी-१५७आर या तिघी दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीची केबल दुसरीला चालत नाही. अक्षरच नसेल (एसटी-२२५, एसटी-२५१) तर ती साधी एमएफएम (बिट लिहिण्याची दुसरी पद्धत) डिस्क. एसटी-३५१ए/एक्स मात्र दोन्हीकडची आहे. ती आठ बिटी की सोळा बिटी हे तिच्यावरचा जम्पर ठरवतो, म्हणून तो जसा आहे तसाच राहू द्या.

## एसटी-५०६: डिस्क आणि कार्डाची ताटातूट करू नका

सीगेटने १९८० मध्ये एसटी-५०६ आणली. ५.२५ इंची, ५ एमबीची. पुढच्या वर्षी १० एमबीची एसटी-४१२ आली आणि १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीत १० एमबीची जी डिस्क होती, ती याच पठडीतली. तेव्हापासून जवळजवळ दहा वर्षं पीसीच्या दुनियेत हीच जोडणी चालली. तिला रूढ अर्थाने मानक म्हणणंही जरा जास्तच होतं, कारण कंपन्यांनी एकमेकींच्या केबलची नक्कल केली एवढंच. केबलमधून काय जावं यावर एकमत होतं. डिस्कवर काय लिहावं यावर नव्हतं.

या जोडणीत डिस्क जवळजवळ मठ्ठ असते. ३४ तारांची केबल तिला "(वाचणारं-लिहिणारं) डोकं एक पाऊल पुढे ने", "तिसरं डोकं वापर", "आता लिही" असे हुकूम देते आणि २० तारांच्या केबलमधून चुंबकीय स्पंदनं जशीच्या तशी येतात-जातात. त्या स्पंदनांतून बिट वेगळे करणं, सेक्टरची (डेटाच्या ठरावीक तुकड्याची) सुरुवात ओळखणं, चूक तपासणं ही सगळी कामं कार्डाची. एका कंपनीचं कार्ड सेक्टरच्या डोक्यावर जी खूण लिहितं ती दुसऱ्या कंपनीचं कार्ड ओळखेलच असं नाही. म्हणून डिस्क एका मशीनमधून काढून दुसऱ्या कार्डावर लावली की ती "कोरी" दिसते. इथेच लोक फॉरमॅट करून बसतात आणि मग खरोखरच कोरी होते.

एमएफएम आणि आरएलएल हा फरकही कार्डातच आहे. एमएफएममध्ये स्पंदनांचा वेग सेकंदाला ५० लाख बिट आणि एका ट्रॅकवर (तबकडीवरच्या एका वर्तुळावर) १७ सेक्टर. आरएलएलमध्ये वेग ७५ लाख आणि सेक्टर २६. एसटी-२२५ चा हिशेब करून पाहा: ६१५ सिलिंडर (एकावर एक आलेल्या ट्रॅकचे संच), ४ डोकी, १७ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट म्हणजे २,१४,११,८४० बाइट, बाजारातल्या भाषेत २० एमबी. हीच डिस्क आरएलएल कार्डाला लावली तर २६ सेक्टरांच्या हिशेबाने ३० एमबीच्या वर जाते. सीगेटने त्यासाठी एसटी-२३८आर वेगळी विकली, पण साध्या एसटी-२२५ ला आरएलएल कार्ड जोडून फुकटचे १० एमबी मिळवणारे जगभर होते. त्यामुळे डिस्कच्या लेबलावर आर नसला तरी ती आरएलएलमध्ये भरलेली असू शकते. खरं काय ते कार्ड सांगेल. म्हणून कार्ड डिस्कबरोबरच ठेवा. दोघांना एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, एकच नंबर लिहून. मी तर केबलही त्याच पिशवीत टाकतो.

ईएसडीआयच्या सोनेरी पट्ट्या अगदी अशाच असतात, पण बिट वेगळे करण्याचा भाग डिस्कवर गेला आणि वेग सेकंदाला १ कोटी बिट आणि त्याहून वर चढला. या डिस्क घरगुती मशीनमध्ये क्वचितच आल्या, बहुतेक सर्व्हरमध्ये. मिळालीच तर तिचं ईएसडीआय कार्डच लागेल, एमएफएमच्या कार्डावर ती चालणार नाही.

केबलबद्दल एक सावधानता. ३४ तारांची फ्लॉपीची केबल आणि ३४ तारांची हार्ड डिस्कची केबल दिसायला सारख्या, दोन्हींत तारांचा एक पट्टा उलटा पिळलेला. लाल कडेपासून मोजा. फ्लॉपीच्या केबलमध्ये पीळ १० ते १६ या तारांना असतो, हार्ड डिस्कच्या केबलमध्ये २५ ते २९ ला. चुकीची केबल लावून "बघू काय होतं" हा प्रयोग करू नये. पीळ असलेल्या केबलवर डिस्कचा निवड जम्पर दुसऱ्या जागी असतो आणि शेवटच्या डिस्कवर टर्मिनेटरची (केबलचं टोक बंद करणारी) रोधपट्टी असते. फोटो काढलेत ना? मग तो पाहून जसं होतं तसंच लावा.

## एसटी-५०६ वाचताना

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तीच डिस्क, तेच कार्ड, तेच मशीन. क्रम असा ठेवा.

१. मशीन एक्सटी असेल तर कार्डावरच्या स्वतःच्या रॉममुळे डिस्क आपोआप ओळखली जाते. एटी (१९८४ चा पीसी-एटी), ३८६ किंवा ४८६ असेल आणि बॅटरी मेली असेल तर बायॉसमध्ये डिस्कचा प्रकार पुन्हा भरावा लागतो. ६१५ सिलिंडर आणि ४ डोक्यांच्या डिस्कसाठी आयबीएमच्या यादीतला प्रकार २ आहे. यादीत न बसणाऱ्या डिस्कसाठी नंतरच्या बायॉसमध्ये बहुधा प्रकार ४७, जिथे आकडे स्वतः भरता येतात. सिलिंडर-डोक्यांचे आकडे मॉडेल नंबरवरून शोधा, अंदाजाने टाकू नका.

२. जुन्या एएमआय बायॉसमध्ये हार्ड डिस्क युटिलिटी नावाचा पर्याय दिसतो. त्यात लो-लेव्हल फॉरमॅट (सगळे सेक्टर नव्याने लिहून डेटा पुसणारा) दडलेला आहे. तिकडे जाऊच नका. एक्सटीच्या कार्डांवर डॉसच्या डीबगमधून सी८००:५ या पत्त्यावर उडी मारली की असाच फॉरमॅट सुरू होतो. जुन्या पुस्तकांत तो उपाय म्हणून छापलेला सापडेल, आपल्याला तो नको आहे.

३. डॉसची फ्लॉपी घालून तिच्यावरून मशीन सुरू करा, हार्ड डिस्कवरून नको. डिस्कवर विंडोज असेल तर ते सुरू होतानाच स्वॅप फाइल लिहायला लागतं आणि पुसलेल्या फायलींच्या जागेवर पाणी फिरतं.

४. काही वाचण्याआधी डिस्क अर्धा तास नुसती फिरू द्या. एसटी-२२५ सारख्या डिस्कमध्ये डोकं स्टेपर मोटरने हलतं आणि ट्रॅकवर नेमकं बसलंय का हे तपासायची सोय नसते. धातू तापला-निवला की ट्रॅक किंचित सरकतो. थंड असताना चुका देणारी डिस्क गरम झाल्यावर सुरळीत वाचते, कधी उलटही. डिस्क ज्या स्थितीत वर्षानुवर्षं होती (आडवी किंवा कडेवर उभी) त्याच स्थितीत ठेवायची तीही याच कारणासाठी.

५. डेटा बाहेर काढायला दोन वाटा. मशीनमध्ये एमएस-डॉस ६ असेल तर इंटरलिंक आणि इंटरसर्व्हर या जोडीने सीरियल किंवा पॅरलल केबलवरून फायली दुसऱ्या जुन्या पीसीवर नेता येतात. फ्लॉपी ड्राइव्हच मेला असेल तर इंटरसर्व्हरच्या आरकॉपी पर्यायाने हा प्रोग्राम सीरियल केबलवरूनच पाठवता येतो. दुसरी वाट मला जास्त आवडते: आठ बिटी खाचेत एक्सटी-आयडीई नावाचं आजचं कार्ड लावा, त्यावर कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड बसवा. जुनं कंट्रोलर (डिस्क चालवणारं) कार्ड आणि हे कार्ड वेगवेगळ्या पत्त्यांवर राहतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालतात. मग डॉसच्या एक्सकॉपीने सगळं उतरवा. डॉसची एक्सकॉपी लपवलेल्या फायली सोडून देऊ शकते हे ध्यानात ठेवा.

मूळ कार्ड हरवलं असेल, जळलं असेल किंवा मशीनच नसेल तर आज एक खरा उपाय आहे: डेव्हिड गेसवाइन यांनी बनवलेला एमएफएम रीडर आणि इम्युलेटर. बीगलबोन नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर बसणारा हा बोर्ड डिस्कमधली स्पंदनं थेट टिपतो आणि त्यांचा अर्थ लावायचं काम सॉफ्टवेअरमध्ये करतो. अनेक कंपन्यांच्या कार्डांच्या लिहिण्याच्या पद्धती त्याला ठाऊक आहेत. शिवाय टिपलेली प्रत नंतर तोच बोर्ड डिस्कच्या जागी बसून मशीनला पुरवतो. दुर्मिळ मशीन असेल तर खर्च सार्थकी लागतो. नुसत्या घरगुती फायलींसाठी आधी त्याच मॉडेलचं जुनं कार्ड शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत विचारायला हरकत नाही, पण कार्डाचा पूर्ण मॉडेल नंबर हातात घेऊन जा.

डिस्क फिरतच नसेल तर? डोकी तबकडीला चिकटून बसण्याचा हा आजार जुन्या डिस्कना फार. डिस्क हातात सपाट धरून, मनगटाने तबकडीच्या दिशेत झटपट पिळ द्या आणि लगेच वीज लावा. ठोकू नका. झाकण तर अजिबात उघडू नका.

## आयडीई: चाळीस पिनांतले तीन सापळे

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी कार्डावरचा कंट्रोलर उचलून डिस्कवरच बसवला. इंटिग्रेटेड ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्स हे नाव त्यावरूनच. मदरबोर्डच्या दृष्टीने मात्र १९८४ च्या पीसी-एटीतलं वेस्टर्न डिजिटलचं जुनं कार्डच समोर आहे असा आव कायम राहिला, म्हणून बायॉस बदलावं लागलं नाही. एटीए या नावाने हे अमेरिकेत अधिकृत मानक झालं ते १९९४ मध्ये, म्हणजे लाखो डिस्क विकल्या गेल्यानंतर. मधल्या आठ वर्षांत जो तो आपल्या समजुतीने बनवत होता, हे जुन्या डिस्क एकमेकींशी का भांडतात याचं उत्तर.

पहिला सापळा: आठ बिटी आयडीई. एक्सटीसाठी आणि कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० या कॉम्प्युटरला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या ए५९० साठी ज्या डिस्क निघाल्या त्यांनाही ४० पिनाच होत्या, पण त्या नेहमीच्या आयडीईवर चालत नाहीत. वर ज्या एक्सटी-आयडीई कार्डाबद्दल लिहिलं त्याच्यावरही चालत नाहीत. नाव सारखं असलं तरी ते आजचं कार्ड सोळा बिटी डिस्क आठ बिटी खाचेत वापरण्यासाठी आहे. अशी डिस्क वाचायला मूळ मशीनच बरं.

दुसरा सापळा: केबल उलटी. जुन्या केबलना आणि सॉकेटना खाच नसते. लाल कड पिन १ कडे, आणि पिन १ बहुधा वीज सॉकेटच्या बाजूला. बोर्डावर बारीक १ छापलेला असतो, तो शोधल्याशिवाय लावू नका.

तिसरा सापळा सगळ्यात जास्त फसवतो. यूएसबी अडॅप्टर डिस्कशी एलबीए पद्धतीने बोलतात, म्हणजे सेक्टरना सरळ ०, १, २ असे क्रमांक. १९९० च्या सुरुवातीच्या ४०, ८०, १२० एमबीच्या कित्येक डिस्कना ही पद्धत कळतच नाही. त्यांना सिलिंडर, डोकं आणि सेक्टर असा तिहेरी पत्ता लागतो. परिणाम असा की डिस्क गोड आवाजात फिरते, पण लॅपटॉपवर दिसत नाही किंवा भलत्याच आकाराची दिसते. लोक म्हणतात डिस्क गेली. डिस्क धडधाकट असते, अडॅप्टर कुचकामी असतो. आपल्याकडे घरोघरी पीसी आले ते बहुतेक याच काळात, म्हणून हा प्रसंग तुमच्यावर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

उपाय स्वस्त आहे. मदरबोर्डवरच ४० पिनांचं सॉकेट असलेला पेंटियम ३ किंवा ४ च्या काळातला डेस्कटॉप भंगारच्या भावात मिळतो. त्यावर डिस्क एकटीच लावा, जम्पर मास्टरवर (पहिल्या डिस्कच्या जागी). जुन्या डिस्क दुसऱ्या डिस्कसोबत एकाच केबलवर नांदत नाहीत. सीडी किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. लिनक्सला तिहेरी पत्त्याची पद्धत अजून येते. विंडोजवर ही डिस्क लावू नका. "डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?" हा प्रश्न ते निरागसपणे विचारतं, आणि त्याशिवायही न विचारता काहीबाही लिहितं.

आकाराची एक मर्यादा इथे माहीत असावी. जुनी बायॉस आणि आयडीई यांच्या आकड्यांची गाठ पडली की १०२४ सिलिंडर, १६ डोकी, ६३ सेक्टर याच्या पुढे जाता येत नाही. हिशेब ५२,८४,८२,३०४ बाइटवर थांबतो. त्याहून मोठी डिस्क ४८६ मध्ये चालवायला दुकानदार ऑनट्रॅक डिस्क मॅनेजरसारखा प्रोग्राम डिस्कच्या सुरुवातीलाच बसवून देत. अशा डिस्कवर पार्टिशन (फायली असलेला विभाग) ६३ सेक्टर पुढे सरकलेलं असतं. प्रत काढल्यावर फायली दिसल्या नाहीत तर आधी हा संशय घ्या.

## स्कझी, अॅपल, अमिगा, अटारी

गंमत अशी की त्या काळी सगळ्यात महाग असलेली स्कझी आज वाचायला सगळ्यात सोपी. १९८६ मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक झाली, त्याच वर्षी जानेवारीत मॅकिंतॉश प्लस तिच्यासह बाजारात आला. इथे सगळी अक्कल डिस्कमध्ये असते आणि सेक्टरना पहिल्यापासूनच सरळ क्रमांक.

५० पिनांची डिस्क आज दोन प्रकारे वाचता येते. पीसीआय खाचेत अॅडॅप्टेकचं एएचए-२९४० कार्ड आणि लिनक्स, किंवा ब्लूस्कझी अथवा झुलूस्कझी हे छोटे बोर्ड. ते मूळचे डिस्कची जागा घेण्यासाठी, पण डिस्क वाचून एसडी कार्डावर प्रत उतरवण्याची सोयही त्यांत आहे. दोन गोष्टी सांभाळा. ओळीतल्या प्रत्येक उपकरणाचा क्रमांक वेगळा हवा (७ हा बहुधा कार्डाचा, मॅकमध्ये आतली डिस्क ०) आणि टर्मिनेटर ओळीच्या दोन टोकांना, मध्ये कुठेही नाही. मॅकच्या मागचं २५ पिनांचं स्कझी सॉकेट आणि पीसीचं प्रिंटर सॉकेट दिसायला एकच आहे. एकाची केबल दुसऱ्याला लावू नका.

मॅकची एचएफएस आणि अमिगाची फाइल पद्धत लिनक्सला वाचता येते, त्यामुळे प्रत निघाली की काम झालंच. अमिगा ६०० आणि १२०० मध्ये २.५ इंची आयडीई आहे, अमिगा ३००० मध्ये स्कझी. अटारी एसटी या कॉम्प्युटरच्या मागे १९ पिनांचं एसीएसआय सॉकेट असतं, स्कझीचा चुलतभाऊ. तिथे डिस्क वेगळी काढण्यापेक्षा अल्ट्रासेटन हे एसडी कार्डाचं उपकरण त्याच सॉकेटला जोडून अटारीवरच प्रत घ्या. अटारीच्या मेगाफाइल या बाहेरच्या डिस्कपेटीत मात्र बहुधा एसटी-५०६ घराण्याची डिस्क असते, म्हणजे वरचा सगळा जप पुन्हा. आणि १९८४ च्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण योजनेत आपल्या शाळांत आलेले बीबीसी मायक्रो सापडले तर त्यात हार्ड डिस्क शोधत बसू नका, फ्लॉपी शोधा.

## आधी प्रत, मग फायली

आयडीई असो की स्कझी, लिनक्सवर पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण डिस्कची प्रत. डिस्क माउंट करून फायली चाळायला घेऊ नका. म्हातारी डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा आणि नोंदवही फाइल द्यायला विसरू नका. पहिल्या फेरीत एन (-n) पर्याय द्या, म्हणजे अडलेल्या जागांवर तो डोकं आपटत बसत नाही, चांगला भाग आधी उचलतो. दुसऱ्या फेरीत आर (-r) पर्यायाने तीन वेळा प्रयत्न. डिस्क बंद पडली तर नोंदवहीमुळे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं.

प्रतीतलं पार्टिशन उघडताना सुरुवातीचा सेक्टर बरोबर द्यावा लागतो. आयडीईवर तो बहुधा ६३ वा, म्हणजे ३२,२५६ बाइटांनंतर. १७ सेक्टरांच्या एमएफएम डिस्कवर डॉस ३ नंतर बहुधा १७ वा, म्हणजे ८,७०४ बाइटांनंतर. नक्की काय ते पार्टिशन टेबलमध्ये पाहा.

आत डीबीएलस्पेस.००० किंवा स्टॅकव्हॉल.डीएसके नावाची एकच अवाढव्य फाइल दिसली तर सगळा डेटा तिच्यात दाबून भरलेला आहे. प्रत एखाद्या पीसी इम्युलेटरमध्ये लावून त्याच डॉसखाली सुरू करा, फायली आपोआप उलगडतील.

वर्डस्टारच्या इंग्रजी फायलींत शब्दांची शेवटची अक्षरं विचित्र दिसतील. ती बिघडलेली नाहीत. वर्डस्टार तिथे आठवा बिट चालू करून ठेवतो. तो बिट काढला की मजकूर स्वच्छ.

मराठी फायलींची कथा वेगळी. सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात असतो. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी मुळात इस्कीवरूनच घेतलेली, त्यामुळे रूपांतर सरळ होतं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या डीटीपी सॉफ्टवेअरमधल्या फायलींत मात्र अक्षरं नसतात, त्या त्या फाँटमधल्या तुकड्यांचे क्रमांक असतात. वेलांटी वेगळी, अर्धा दंड वेगळा. कोणता फाँट, कोणती आवृत्ती हे कळल्याशिवाय मजकूर वाचता येत नाही. म्हणून दिवाळी अंकाची किंवा आजोबांच्या लेखांची फाइल उचलताना फाँटची आणि सॉफ्टवेअरची डिरेक्टरीही सोबत घ्या. मशीनच्या पॅरलल पोर्टला एखादी छोटी डबी खोचलेली असेल तर ती बहुधा त्या सॉफ्टवेअरचं कुलूप आहे, फेकू नका.

प्रत दोन वेगळ्या जागी ठेवा, तिचा चेकसम (प्रत बदलली नाही हे तपासायचा आकडा) काढून मजकूर फाइलमध्ये लिहा, आणि त्याच फाइलमध्ये डिस्कचं मॉडेल, कार्डाचं मॉडेल, सिलिंडर-डोकी-सेक्टर आणि कुठले सेक्टर वाचता आले नाहीत हे नोंदवा. एसटी-२२५ सारखी डिस्क बंद करण्याआधी पार्क किंवा शिप हा प्रोग्राम चालवा, कारण ती डोकी स्वतःहून सुरक्षित जागी नेत नाही. त्यानंतर मशीन हलवायला हरकत नाही.